चौथा खांदा

संक्रांत जवळ आली की आमच्या टेंभुर्णीत हळदीकुंकवाची धांदल सुरू होते. वाण काय लुटायचं, तिळाच्या वड्या कुणी करायच्या, कुणाकुणाला सांगायचं... आमच्या बचत गटाचंही दरवर्षी एकत्र हळदीकुंकू असतं. यंदा यादी करायला बसलो आणि एका नावापाशी पेन अडलं. ही बाई गटात पहिल्या दिवसापासूनची. हिशेबाला पक्की, कुणाच्या घरी आजारपण आलं तर रात्री-अपरात्री डबा घेऊन पोहोचणारी. गेल्या वर्षभरापासून ती रविवारी प्रार्थनेला जायला लागली आहे. कुंकू लावणं तिनं सोडलं. एकजण म्हणाली, तिला उगीच अवघडल्यासारखं होईल, नकोच सांगायला. दुसरी म्हणाली, नाहीतरी ती कुठे येणार आहे! मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि महिला मेळाव्यांतून एकीवर तासतासभर बोलणारी मी चक्क गप्प बसले. नाव राहिलं ते राहिलंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर सारखी येत होती ती पंडिता रमाबाई. तुम्ही म्हणाल, एकदम पंडिता रमाबाई कुठून आल्या? तर मैत्रिणींनो, बी.ए.ला असताना त्यांचं चरित्र वाचलं होतं. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं, सनावळ्या पाठ केल्या. पण त्यातला एक प्रसंग मनात कायमचा रुतून बसला होता. त्या रात्री तो पुन्हा वर आला.

प्रसंग 1874 सालचा आहे. रमा तेव्हा सोळा वर्षांची. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला. रमाचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. आईनं पहाटे मांडीवर घेऊन तिला संस्कृत शिकवलं. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, गावोगाव पुराणं सांगत हिंडत राहिलं. मग दक्षिणेत भीषण दुष्काळ पडू लागला. जवळचं सगळं संपलं. उपाशीपोटी वडील गेले. पाठोपाठ काही आठवड्यांतच रायचूरला आई गेली.

आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. परक्या गावातले कंगाल लोक, यांच्यासाठी कोण धावणार? कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथा खांदा कुणाचा? रमाचा. स्मशान तीनेक मैल दूर. रमा ठेंगणी, तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना. म्हणून त्या पोरीनं तिरडीची ती बाजू डोक्यावर घेतली. पोटात अन्न नाही, डोक्यावर आईचं ओझं!

मला वाटतं, पंडिता रमाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं असेल तर या तीन मैलांपासून सुरुवात करायला हवी. आपल्याकडे चौथा खांदा नव्हता, हे ती मुलगी कधी विसरली नाही. काही महिन्यांतच मोठी बहीणही गेली. उरले दोघं बहीणभाऊ. हजारो मैल पायी भटकून 1878 मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या मुलीच्या आईला खांदा द्यायला माणूस मिळाला नाही, तिच्या गळ्यात आता हार पडत होते. पण 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिनं त्याच्या मित्राशी, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात न पाहता नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांचं पोर!

दोन रमाबाई

1882 मध्ये पंडिताबाई पुण्याला आल्या. रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. आर्य महिला समाज सुरू झाला, बायका जमू लागल्या. त्या बायकांत वीस वर्षांच्या रमाबाई रानडेही होत्या. दोघी रमाबाईंनी मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजीचे धडे घेतले.

आज ऐकताना हे किती सोपं वाटतं! पण या मैत्रीची किंमत रमाबाई रानड्यांना घरात रोज मोजावी लागत होती. घरातल्या मोठ्या बायकांना ही परजातीत लग्न केलेली, विधवा असून सभेत बोलणारी बाई मुळीच पसंत नव्हती. तिच्याकडे जाऊन आलं की टोमणे, अबोला, शिवाशिवीचे प्रकार. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ते सगळं प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. नवरा न्यायाधीश, तोच शिकवणारा, तरी माजघरातलं न्यायालय वेगळंच असतं, नाही का? तिथे शिक्षा होत असतानाही त्या जात राहिल्या. दुसरीसाठी बोलणी खाण्याची तयारी असणं, ही मैत्रीची पहिली पायरी असावी.

1883 मध्ये पंडिताबाई इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. सोबत होती आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण आणि लहानगी मनोरमा. पुण्यात काम करणाऱ्या सेंट मेरी संघाच्या जोगिणींशी ओळख झाली होती, त्यांच्याच वाँटेज इथल्या मठात राहायचं ठरलं. मठातली सिस्टर जेराल्डिन आधी पुण्यातच काम करत होती, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता.

पण तिथे गेल्यावर काही महिन्यांतच भयंकर घडलं. आनंदीबाई भगत खचत गेली. आपल्याला इथे बळजबरीनं बाटवतील, या भीतीनं तिला ग्रासलं, आणि एके दिवशी तिनं विष घेतलं. परक्या देशात, एकुलत्या एका आपल्या माणसाचा असा अंत! पंडिताबाई हादरून गेल्या. पुढे ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्या घरी त्या उतरल्या, तेव्हाही त्यांना रात्री एकटीनं झोपायची भीती वाटे, म्हणून एका मोलकरणीला त्यांच्या खोलीत सोबतीला झोपवत असत. भल्याभल्या शास्त्र्यांना गप्प करणारी ही पंडिता अंधाराला घाबरत होती. तिला हवं होतं ते फक्त शेजारी श्वास घेणारं एक माणूस.

पाणी मागणारा देव

29 सप्टेंबर 1883 ला पंडिताबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या ख्रिस्ती का झाल्या, यावर तेव्हाही खूप लिहिलं गेलं, अजूनही लिहिलं जातं. त्यांनी स्वतः जे कारण सांगितलं आहे ते मला बाई म्हणून फार जवळचं वाटतं. जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथल्या एका आश्रमात नेलं. समाजानं वाईट ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या. आणि सुखवस्तू घरच्या स्त्रिया त्यांना स्वच्छ हातांनी, प्रेमानं सांभाळत होत्या. पतित म्हटलेल्या बाईला कुणी माणूस म्हणून जवळ घेतं, हे पंडिताबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. हे यांना कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सिस्टरनं त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भर दुपारी, विहिरीवर एक बाई एकटीच पाणी न्यायला आली आहे. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी. यहुदी लोक तिच्या जमातीशी व्यवहारच ठेवत नाहीत. विहिरीपाशी बसलेला येशू यहुदी. तो तिला उपदेश करत नाही, आधी प्यायला पाणी मागतो! तिच्या भांड्यातलं पाणी. आपल्या गावाकडच्या बाईला या मागण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाचं चालत नाही, यावर आपल्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. याच येशूनं पुढे आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटलं, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्मात मैत्री ही सणावाराची हौस नाही, ती मुळातच आहे. पंडिताबाईंनी धरलं ते हे मूळ.

पण धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी मान तुकवली असं मात्र नाही. त्यांचं आणि सिस्टर जेराल्डिनचं नातं वाचताना मला कधी हसू येतं, कधी डोळे भरतात. जेराल्डिन धर्माच्या दृष्टीनं त्यांची आई. पण ही लेक काही सोपी नव्हती! त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही म्हणून वाद. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून ते खाणार नाही, यावरून वाद. जेराल्डिनला वाटे, हा जुना जातीचा अभिमान अजून गेलेला नाही. पंडिताबाईंना वाटे, मी ख्रिस्ती झाले म्हणजे इंग्रज झाले नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असाही प्रश्न त्यांनी विचारला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, असा विषय निघाला, तर थेट हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. तेव्हाही पंडिताबाईंनी ठणकावून कळवलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण ठेवलेली नाही.

या कडाक्याच्या पत्रव्यवहारात दोघींनी एकमेकींना काय काय सुनावलं! पण एक गोष्ट बघा. मनोरमा राहत होती जेराल्डिनपाशी. तिला ती आजीबाई म्हणायची, चक्क मराठीतलं आजीबाई! पुढेही शिक्षणासाठी मनोरमाला पंडिताबाईंनी पुन्हा तिच्याकडेच पाठवलं. जिच्याशी देवाच्या स्वरूपाबद्दल पटत नव्हतं, तिच्या हाती पोटची एकुलती एक मुलगी दिली. यापेक्षा मोठा विश्वास कोणता? आणि जेराल्डिननं काय केलं? भांडणाची म्हणून एकही पत्र फाडलं नाही. सगळी पत्रं जपली, लावून ठेवली. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपात प्रसिद्ध केली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. आपण काय करतो? एक मतभेद झाला की बोलणं बंद. मग तिच्या मुलाच्या लग्नालाही जायचं नाही!

तीन 11 मार्च

पंडिताबाईंच्या आयुष्यात 11 मार्च ही तारीख तीनदा येते, आणि तिन्ही वेळा तिच्यामागे एक मैत्रीण किंवा मैत्रिणीसारखी बाई उभी आहे.

पहिला 11 मार्च 1886 चा. त्या दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पंडिताबाई मुद्दाम इंग्लंडहून त्या समारंभासाठी गेल्या होत्या. गंमत बघा, आनंदीबाईंनी अमेरिकेला निघण्यापूर्वीच भर सभेत जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि पंडिताबाई तर तीन वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेल्या. पंडिताबाईंना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत गेलं आणि ते स्वप्न सोडावं लागलं. आपलं हुकलेलं स्वप्न दुसरीच्या हाती पाहून टाळ्या वाजवायला समुद्र ओलांडून जायचं, याला मन केवढं लागत असेल! मत्सर कुणाला चुकला आहे? पण त्या गेल्या. वर्षभरातच, 26 फेब्रुवारी 1887 ला, आनंदीबाई पुण्यात क्षयानं गेल्या. पंडिताबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या.

आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख, डॉ. रेचेल बॉडले, यांनी मग पंडिताबाईंना आधार दिला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारं पंडिताबाईंचं इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये निघालं, त्याची प्रस्तावना बॉडलेबाईंची. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आणि गावोगावच्या व्याख्यानांतून पैसा उभा राहिला. दारूबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सेस विलर्ड यांच्यासारख्या मैत्रिणी मिळाल्या. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणच्या बायकांनी रमाबाई मंडळं काढली आणि दहा वर्षं मदत पाठवायचा शब्द दिला. त्यात निरनिराळ्या चर्चचे लोक होते. एरवी एकमेकांच्या प्रार्थनेला न जाणारे हे लोक एका मराठी बाईसाठी एकत्र आले.

दुसरा 11 मार्च 1889 चा. मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं, विधवा आणि निराधार मुलींसाठी. पहिल्या विद्यार्थिनींत होती गोदूबाई, नरहरपंत जोशींची बालविधवा बहीण. सदनात मुलींनी आपापला धर्म पाळावा, सोवळंओवळं सांभाळावं, याची पूर्ण मुभा होती. 1890 मध्ये सदन पुण्याला आलं.

तिसरा 11 मार्च 1893 चा. गोदूबाईंचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. शारदा सदनातली मुलगी हिंदूच राहिली आणि हिंदू घरात सून म्हणून गेली. आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाईंच्या मनात मात्र एकच ध्यास होता, पंडिताबाईंनी केलं तसं आपणही विधवांसाठी काहीतरी करावं. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला वाढला, फोफावला. आज कर्वे संस्थेत शिकलेल्या कितीतरी लेकीसुना आपल्या घराघरांत आहेत. त्या झाडाचं एक मूळ शारदा सदनात आहे, हे किती जणींना माहीत असतं?

उघडं दार

हे सगळं इतकं सरळ चाललं असतं तर काय हवं होतं! पण 1893 मध्येच मोठं वादळ उठलं. पंडिताबाई रोज पहाटे मनोरमाला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. झालं! शारदा सदनात मुली बाटवतात म्हणून वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. टिळकांच्या केसरीनं टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालक आले आणि कितीतरी मुलींना घेऊन गेले.

यात चूक कुणाची? माझ्यासारख्या सामान्य बाईनं निवाडा द्यावा इतकं ते सोपं नाही. पालकांनी मुली पाठवल्या होत्या त्या धर्माला हात लागणार नाही या भरवशावर. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, ते समजू शकतं. पंडिताबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही. पण माझ्याच घरात मी दार लावून, चोरून प्रार्थना का करू? येणारीला हाकलून का देऊ? पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. त्यानंतर मराठी समाज आणि पंडिताबाई यांच्यात जी भिंत उभी राहिली ती त्यांच्या हयातीत पडली नाही. ज्या पुण्यानं हार घातले त्या पुण्यानं पाठ फिरवली. पंडिताबाईंचा स्वभावही नमतं घेणारा नव्हता. दोन्हीकडून हात आखडले गेले. नुकसान कुणाचं झालं? आपल्याच मुलींचं, दुसरं कुणाचं!

रमाबाई रानड्यांनी पुढे पुण्यात 1909 मध्ये सेवासदन सुरू केलं. तिथेही विधवा, गरजू बायका शिकू लागल्या, परिचारिका झाल्या. कधीकाळी शेजारी बसून इंग्रजी गिरवलेल्या दोघीजणी आपापल्या वाटेनं तेच काम करत राहिल्या. मला हे फार चुटपुट लावतं. आणि फार दिलासाही देतं.

केडगाव

आता आपल्या लाइनीवर येऊ. कुर्डुवाडीहून पुण्याला निघालं की दौंड सोडल्यावर थोड्याच वेळात केडगाव लागतं. हे पुणे जिल्ह्यातलं केडगाव बरं का, नगरचं नव्हे. मी कितीदा तरी खिडकीतून ते स्टेशन पाहिलं आहे. या केडगावात पंडिताबाईंनी माळरानाची जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली होती, सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात बायकापोरी अन्नासाठी विकल्या जात आहेत, असं कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. सुमारे तीनशे मुलीबायका त्यांनी आणल्या. तेव्हा पुण्यात प्लेग, सरकार नव्या माणसांना शहरात येऊ देईना. म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या बांधल्या. तेच मुक्तिसदन. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या आणि माणसांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला.

दोन हजार! आम्हाला वीस बायकांचा गट सांभाळताना नाकीनऊ येतात. आलेल्या मुली हाडांचे सापळे, अंगावर खरूज, डोक्यात उवा, काहीजणी अन्न दिसलं की झडप घालणाऱ्या. त्यांना माणसांत आणलं ते नुसत्या पगारी नोकरांनी नाही. आधी आलेल्या मुलींनी मागून आलेल्यांना न्हाऊमाखू घातलं, भरवलं, अक्षरं शिकवली. सुंदराबाई पवार, अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स अशा सोबतिणी पंडिताबाईंच्या कामात उभ्या राहिल्या. विहिरी खोदल्या गेल्या, हातमाग आले, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, छापखाना आला. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपासदन निघालं, फुलहॅमला पाहिलेल्या त्या आश्रमाची आठवण देणारं. अंध मुलींना ब्रेल शिकवायला लागली मनोरमा. ती ते परदेशातून शिकून आली होती. 1912 च्या सुमारास गुलबर्ग्याला शाळा निघाली, त्यातही मनोरमाचा मोठा वाटा होता. नकाशा उघडून बघा. जिथे आईला खांदा मिळाला नव्हता ते रायचूर, मग गुलबर्गा, आपलं सोलापूर, कुर्डुवाडी आणि केडगाव. सगळं एकाच रेल्वेच्या लाइनीवर!

शेवटची कितीतरी वर्षं पंडिताबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. मुळातून करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेनं भाषांतरासाठी मात्र साधी मराठी निवडली, शिक्षण न मिळालेल्या बायांनाही कळेल अशी. खिळे जुळवले मुक्तिसदनातल्या मुलींनीच. कधीकाळी दुष्काळात कुणाला नको झालेल्या त्या मुली! 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली, अवघी चाळीस वर्षांची. आईच्या पश्चात काम सांभाळायची तीच. पंडिताबाई दुःख गिळून प्रुफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं. 1989 मध्ये टपाल खात्यानं त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं. केडगावचं काम आजही चालू आहे.

पंडिताबाईंच्या धर्माविषयी वाचणाऱ्यांचं काय मत व्हायचं ते होवो. मी स्वतः त्यांच्या धर्माची नाही, मला माझी पंढरीची वाट पुरते. पण माझ्या मनात एक हिशेब येतो. आईसाठी चौथा खांदा मिळाला नाही, तेव्हा ती मुलगी जगावर चिडून बसू शकली असती. तिनं काय केलं? आयुष्यभर दुसऱ्याच्या तिरडीचा, नव्हे, दुसऱ्याच्या जगण्याचा चौथा खांदा होत राहिली. आणि तिलाही खांदे मिळत गेले, बोलणी खाऊन येणाऱ्या रमाबाई रानड्यांचा, भांडणाऱ्या जेराल्डिनचा, हिंदू आनंदीबाईचा, अमेरिकेतल्या कधी न पाहिलेल्या बायकांचा. त्यांच्यातल्या कुणाशीच तिचं सगळं पटत नव्हतं. सगळं पटल्यावरच हात पुढे करायचा म्हटलं, तर माणसाला आयुष्यात एकही मैत्रीण मिळायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. एकटीच. यादीत नाव नव्हतं हे तिला कळलेलं होतं. गावात काय लपून राहतं? मी माफी मागायची म्हणून दारात शब्द जुळवत होते, पण ऐनवेळी सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, बाई गं, उन्हातून आलेय, पाणी दे. तिनं तांब्या-पेला आणला. मी उभ्या उभ्याच प्यायले. मग तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. तिनं तो लगेच तोंडात टाकला आणि म्हणाली, गूळ जरा जास्त झालाय.

हळदीकुंकवाला ती आली. कुंकू लावून घेतलं नाही, कुणी आग्रहही केला नाही. वाण घेतलं, वड्या वाढायला पदर खोचून उभी राहिली. दोघीतिघी अजून तिच्याशी मोजकंच बोलतात. बोलतील हळूहळू. गटाची पुढची मीटिंग तिच्या घरी ठेवली आहे. चहा तिच्या हातचा आहे, आणि किती जणी येतात ते मी मोजणार आहे.